शाळकरी मुलांना मोफत गणवेश पुरवताना : गावपातळीवर काम कसे करावे

गावातील गरजू मुलांना शाळेचे कपडे द्यावेत, अशी इच्छा असणारी तरुण मंडळे, माजी विद्यार्थ्यांचे गट आणि महिला बचत गट महाराष्ट्रात जागोजागी आहेत, आणि मनावर घेतले तर त्यासाठी लागणारा पैसाही बहुधा उभा राहतो. तरीही पुष्कळ ठिकाणी ऑगस्ट उजाडला तरी मुले जुन्याच कपड्यांत दिसतात, सहावीतल्या मुलीच्या हाती चौथीच्या मापाचा पोशाख पडतो, आणि जे कपडे मापात बसतात त्यांचा रंग गणपतीपर्यंत उतरलेला असतो. कपडा मुलाच्या मापाचा असावा, शाळा उघडण्यापूर्वी त्याच्या हाती असावा आणि तो घालताना त्याला कोणाच्या उपकाराची जाणीव होऊ नये, या तीन अटी पाळायच्या असतील, तर कामाला जूनमध्ये सुरुवात करून चालत नाही. हे काम डिसेंबर-जानेवारीतच हाती घ्यावे लागते.

सरकारकडून काय मिळते ते आधी पाहावे

समग्र शिक्षा या केंद्र व राज्य शासनाच्या संयुक्त शालेय शिक्षण योजनेतून शासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांमधील पहिली ते आठवीच्या सर्व मुली, अनुसूचित जाती-जमातींमधील मुलगे आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुलगे यांना दरवर्षी गणवेशाच्या दोन संचांसाठी ६०० रुपयांपर्यंत तरतूद असते. दारिद्र्यरेषेच्या किंचित वर असलेल्या कुटुंबांतील मुलगे या यादीत बसत नसत. त्यामुळे एकाच बाकावरच्या दोघांपैकी एकाला नवा गणवेश मिळे आणि दुसरा बघत राही. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून राज्य शासनाने स्वतःच्या निधीतून या मुलग्यांनाही योजनेत घेतले आणि त्याच वर्षी एक जोडी बूट व दोन जोड्या पायमोजे यांसाठी प्रति विद्यार्थी १७० रुपयांची तरतूद केली.

त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे २०२४-२५ मध्ये, राज्यभर एकच गणवेश देण्याचा निर्णय अमलात आला. कापडाची खरेदी राज्य पातळीवरून झाली आणि शिलाईचे काम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे गेले. बचत गटांतील महिलांना काम मिळावे हा हेतू चांगलाच होता. परंतु कापड एका ठिकाणी, शिलाई दुसऱ्या ठिकाणी आणि मुले तिसऱ्या ठिकाणी, अशा व्यवस्थेत अनेक शाळांना गणवेश वेळेवर मिळाले नाहीत आणि मापांबद्दल तक्रारी आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने २०२५-२६ पासून ही जबाबदारी पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे सोपवली. आपल्या कामाच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा आहे. रंग कोणता, कापड कोठून घ्यायचे, शिवणार कोण, याचा निर्णय आता शाळेच्याच पातळीवर होतो, आणि म्हणून बाहेरच्या गटाला समितीबरोबर बसून एकत्र नियोजन करता येते.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ प्रमाणे या समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. म्हणून पहिली भेट मुख्याध्यापकांची घ्यावी आणि दुसरी समितीच्या मासिक सभेत घ्यावी. त्या सभेत पुढील गोष्टी विचारून लिहून घ्याव्यात: यंदाचा निधी जमा झाला का, तो किती मुलांसाठी आहे, त्यातून किती संच शिवून होतात, आणि मोठ्या इयत्तांच्या मुलांना तो पुरतो का. पहिलीच्या मुलाला आणि आठवीच्या मुलाला रक्कम सारखीच मिळते; कापड मात्र आठवीच्या मुलाला जवळजवळ दुप्पट लागते. त्यामुळे सहावी ते आठवीत तूट पडते. ती तूट भरून काढणे हेच एखाद्या गटासाठी पुरेसे आणि उपयुक्त काम ठरू शकते.

मुंबई महानगरपालिकेच्या शाळांत विद्यार्थ्यांना गणवेश, बूट, दप्तर यांसह २७ शालोपयोगी वस्तू मोफत मिळतात. अशा ठिकाणी पुन्हा गणवेशच वाटण्यात अर्थ नाही; तोच पैसा दुसरीकडे अधिक उपयोगी पडेल.

खरी गरज कोठे राहून जाते

सर्वांत मोठी पोकळी नववीत निर्माण होते. आठवीपर्यंत मिळणारा गणवेश तेथे थांबतो आणि नेमक्या त्याच वेळी मूल गावातली शाळा सोडून चार-पाच किलोमीटरवरच्या माध्यमिक विद्यालयात जाऊ लागते, जेथे गणवेशाचा रंग वेगळा असतो. म्हणजे जुने कपडे चांगले असले तरी चालत नाहीत. मुलगी असेल तर सलवार-कमीज, ओढणी, बूट आणि बसचा किंवा सायकलचा खर्च एकाच महिन्यात समोर येतो आणि ‘आता पुरे झाली शाळा’ हे वाक्य घरात ऐकू येऊ लागते. माझ्या मते निधी मर्यादित असेल तर तो सर्वप्रथम नववीत जाणाऱ्या मुलींवर खर्च करावा.

त्यानंतर क्रम लागतो तो खासगी अनुदानित शाळांतील गरीब मुलांचा. या शाळांत फी नसते किंवा नाममात्र असते, पण जिल्हा परिषदेच्या शाळेप्रमाणे गणवेशाचा निधी तेथे येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांवर इंग्रजी माध्यमाच्या शाळेत गेलेल्या मुलांची स्थितीही बिकट असते. फी माफ होते, परंतु ठरावीक दुकानातून घ्यावे लागणारे दोन प्रकारचे गणवेश, ब्लेझर आणि बूट पालकांना झेपत नाहीत, आणि आजूबाजूची सगळी मुले सुस्थितीतील असल्यामुळे तेथे ही उणीव अधिक बोचते.

ऊसतोड मजुरांच्या मुलांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास कुटुंबे कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. फेब्रुवारीत मापे घ्यायला गेलेल्या गटाला ही मुले शाळेत दिसतच नाहीत आणि यादीतून आपोआप वगळली जातात. त्यांची मापे स्थलांतरापूर्वी, सप्टेंबरमध्ये घेऊन ठेवावीत आणि परतल्यावर मे महिन्यात पुन्हा तपासावीत. वीटभट्टीवर आलेल्या परगावच्या मुलांची नावे पटावर नसली तरी जवळच्या शाळेत ती येऊ शकतात. त्यांच्यासाठी तयार मापाचे काही संच शाळेत राखून ठेवावेत.

गणवेशाखेरीज ज्या कपड्यांकडे कोणाचे लक्ष जात नाही, त्यांत आतले कपडे येतात. बनियन, चड्डी, शमीज, मोठ्या मुलींसाठी अंतर्वस्त्रे यांचा उल्लेख देणगीच्या यादीत क्वचितच सापडतो, पण मुलींच्या शाळेतील उपस्थितीशी त्यांचा थेट संबंध आहे. हे कपडे नेहमी नवेच द्यावेत. त्यांची मापे शिक्षिकेने किंवा आशा सेविकेने विचारून घ्यावीत आणि ते बंद पाकिटातून, मुलीच्या हाती किंवा तिच्या आईच्या हाती द्यावेत. निफाड, नंदुरबारसारख्या थंडीच्या पट्ट्यात सकाळच्या शाळेसाठी स्वेटर, आणि कोकणात रेनकोट किंवा इरले, ही गरज गणवेशाइतकीच खरी आहे.

मुले कशी निवडावीत

शक्य असेल तेथे निवड करूच नये आणि संपूर्ण वर्गाला द्यावे. चाळीस मुलांच्या वर्गातील पंधरा गरीब मुलांना उभे करून कपडे देण्यापेक्षा गावातील एका छोट्या शाळेतील एका इयत्तेच्या सगळ्या मुलांना देणे खर्चाने फारसे जास्त होत नाही आणि मुलांच्या मनावर ओरखडा उमटत नाही. निवड करणे अपरिहार्य असेल, तर वर्गशिक्षक, समितीतील एक महिला पालक आणि अंगणवाडी सेविका अशा तिघांनी बंद खोलीत बसून यादी करावी. विधवा किंवा एकट्या आईचे मूल, आजी-आजोबांकडे राहणारे मूल, दीर्घ आजारी कमावता माणूस असलेले घर, स्थलांतरित कुटुंब, अपंग पालक, या गोष्टी गावात सगळ्यांना ठाऊक असतात. उत्पन्नाचा दाखला मागू नये. तहसील कार्यालयात दोन हेलपाटे घातल्याने एका मजुराची जेवढी मजुरी बुडते, तेवढ्यात एक संच शिवून झाला असता. पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड पाहणे पुरेसे आहे, आणि तेही नसेल तर वर्गशिक्षकाचा शब्द पुरेसा मानावा. कारण ज्यांच्याकडे कागद नाहीत, ते बहुधा सर्वांत गरजू असतात.

ही यादी फलकावर लावू नये आणि व्हॉट्सअॅपच्या गटात टाकू नये.

मापे घेणे

‘पाचवीची मुले आहेत, २८ नंबर चालेल’ हा अंदाज जवळजवळ नेहमी चुकतो, कारण एकाच इयत्तेत दोन-तीन वर्षांच्या वयाचा आणि त्याहून मोठा अंगकाठीचा फरक असतो. तयार कपडे २०, २२, २४ अशा चढत्या सम आकड्यांत येत असले, तरी खरेदी करण्यापूर्वी प्रत्येक मुलाचे माप टेपने घ्यावे. वही आडवी धरून प्रत्येक मुलापुढे खांदा, छाती, शर्टाची लांबी, बाही, कंबर, सीट (नितंबांचा घेर) आणि पॅन्टची किंवा सलवारची लांबी असे सात रकाने आखावेत. गावातील शिंप्याला एक दिवसाचे मानधन देऊन बोलवावे आणि मुलींची मापे घेण्यासाठी शिवणकाम येणाऱ्या महिलेला बोलवावे; ही बाब ऐच्छिक समजू नये.

मापे आणि शाळा उघडण्याचा दिवस यांत तीन-चार महिन्यांचे अंतर असते आणि कपडा पुढे वर्षभर वापरायचा असतो. प्राथमिक वयातील मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर उंच होते आणि वयात येताना ही गती आणखी वाढते. त्यामुळे छातीच्या मापावर पुरेशी ढिलाई द्यावी, पॅन्ट आणि सलवारीच्या पायात दोन ते अडीच इंच कापड आत दुमडून ठेवावे, आणि कमरेच्या शिवणीत मागच्या बाजूने एक-दीड इंच मार्जिन राखावे, म्हणजे दिवाळीनंतर घरच्या घरी टीप उसवून कपडा वाढवता येतो. लहान मुलांच्या कमरेला हूक-बटणाऐवजी इलॅस्टिक घालावे. पहिलीतल्या मुलाला लघवीला जाताना हूक सोडता येत नाही, आणि त्यामुळे होणारी फजिती त्याला शाळेपासून दूर नेते. पायाला कॅलिपर (आधाराची सळई-पट्टी) लावणाऱ्या मुलासाठी पॅन्टच्या पायाचा घेर रुंद ठेवावा. हाताच्या हालचालीत अडचण असलेल्या मुलासाठी शर्टाला पुढे बटणांऐवजी वेल्क्रो लावावे आणि वरून बटणे नुसती शिवून घ्यावीत, म्हणजे त्याचा शर्ट इतरांसारखाच दिसतो.

कापड आणि शिलाई

शाळेच्या कपड्यासाठी पॉलिस्टर आणि सुती धाग्याच्या मिश्रणाचे, म्हणजे टेरीकॉटचे कापड सोयीचे पडते. शुद्ध सुती कापड अंगाला बरे वाटते, पण पावसाळ्यात लवकर वाळत नाही आणि चुरगळते. संपूर्ण पॉलिस्टर उन्हाळ्यात घामाने चिकटते. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव ही यंत्रमागाची केंद्रे आणि गणवेशांच्या उत्पादनासाठी नावाजलेले सोलापूर राज्यातच असल्यामुळे, शंभराहून अधिक संच लागणार असतील तर तालुक्याच्या दुकानापेक्षा तेथून थेट दर मागवणे फायद्याचे ठरते. दर विचारताना मीटरच्या भावाबरोबर पन्हा, म्हणजे कापडाची रुंदीही विचारावी. ३६ इंच पन्ह्याचे आणि ५८ इंच पन्ह्याचे कापड एकाच भावाने घेणे म्हणजे फसगत आहे.

रंग ठरवण्याचा अधिकार समितीचा असला, तरी तिला एक गोष्ट जरूर सांगावी. पांढरा शर्ट फोटोत छान दिसतो, पण ज्या घरात बोअरचे क्षारयुक्त पाणी आणि आठवड्याला एक साबणाची वडी असते, तेथे तो दोन महिन्यांत पिवळा पडतो आणि मुलाला अस्वच्छ ठरवले जाते. फिकट निळा किंवा बारीक चौकडीचा शर्ट आणि गडद रंगाची पॅन्ट किंवा स्कर्ट हा जोड अधिक टिकतो.

संपूर्ण तागा घेण्यापूर्वी नमुन्याचा तुकडा मागवून घरीच दोन चाचण्या कराव्यात. तुकड्यावर ५० सेंटिमीटर अंतरावर दोन खुणा कराव्यात, तो रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवावा आणि अंतर पुन्हा मोजावे. खुणा ४९ सेंटिमीटरवर आल्या तर कापड दोन टक्के आटते, आणि त्याहून अधिक आटत असेल तर ते धुऊनच कापावे किंवा नाकारावे. दुसरी चाचणी रंगाची आहे. ओल्या पांढऱ्या रुमालाने कापड जोरात घासावे. रुमालाला रंग लागला तर तो पुढे मुलाच्या बनियनलाही लागणार.

शिलाई गावातील शिंप्याकडे किंवा बचत गटाकडे द्यावी, असा माझा आग्रह आहे. तक्रार आली तर दुरुस्त करणारा माणूस हाकेच्या अंतरावर असतो, आणि देणगीचा पैसा गावातच राहतो. मात्र शब्दावर काम सोपवू नये. प्रत्येक प्रकारचा एक नमुना आधी शिवून घ्यावा, तो एखाद्या मुलाला घालून, बसवून, धावायला लावून पाहावा आणि मान्य झालेला नमुना शाळेत ठेवावा. काज-बटण, इस्त्री आणि दुरुस्ती दरात धरली आहे का, हे लिहून घ्यावे. आतल्या कडांना ओव्हरलॉक (कडेचे धागे सुटू नयेत म्हणून घालायची टीप) आणि बगलेत, खिशाच्या टोकाला व सीटच्या शिवणीवर दुहेरी टीप असावी, कारण मुलांचे कपडे प्रथम तेथेच उसवतात. निम्मी रक्कम आगाऊ, पाव रक्कम कपडे मिळाल्यावर आणि उरलेली पाव मापदुरुस्ती पूर्ण झाल्यावर द्यावी. एका शिंप्याकडून दिवसात किती संच होतील, हे लग्नसराई लक्षात घेऊन विचारावे. एप्रिल-मे हा त्यांच्याही गर्दीचा काळ असतो, म्हणून कापड मार्चअखेर त्यांच्या हाती पडले पाहिजे. राज्यात बहुतेक ठिकाणी शाळा १५ जूनच्या आसपास उघडतात, विदर्भात उन्हामुळे काही दिवस उशिरा. कपडे जूनच्या पहिल्या आठवड्यात तयार हवेत.

एकच भारी संच आणि दोन साधे संच यांत निवड करावी लागली, तर दोन साधे संच द्यावेत. ज्या मुलाकडे एकच गणवेश असतो, तो रात्री धुतला जातो आणि पावसाळ्यात सकाळी ओला अंगावर चढतो. नाहीतर त्या दिवशी शाळा बुडते. शिवाय गरीब घरात गणवेश हाच मुलाचा सर्वांत चांगला कपडा असतो आणि बाजाराला, लग्नाला, गावाला जाताना तोच वापरला जातो. तो लवकर विरतो, याचे कारण मुलाची हयगय नसते. दिवाळीला घरी घालण्याचा एक रंगीत जोड देता आला, तर गणवेशाचे आयुष्य आपोआप वाढते.

पैसा आणि कागदपत्रे

अंदाजपत्रकात कापड, शिलाई, बटणे-इलॅस्टिक, वाहतूक आणि मापदुरुस्ती यांबरोबर दहा टक्के जादा संचांची तरतूद करावी; हे जादा संच मधल्या आणि मोठ्या मापांचे असावेत, कारण मोठा कपडा लहान करता येतो. तयार गणवेशावर ५ टक्के जीएसटी लागतो. पक्के बिल घ्यावे.

नोंदणी नसलेल्या मंडळाला लोकांकडून वर्गणी जमवायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाची परवानगी आवश्यक असते; गणेशोत्सवासाठी ती घेणाऱ्या मंडळांना प्रक्रिया परिचित असते. त्यापेक्षा तालुक्यातील एखाद्या नोंदणीकृत संस्थेबरोबर काम करणे सोपे पडते. देणगीदाराला आयकरात देणगीवरील सवलत (‘८० जी’ म्हणून ओळखली जाणारी) हवी असेल, तर संस्थेकडे ती मान्यता असावी लागते, २,००० रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवर सवलत मिळत नाही आणि वस्तुरूपाने दिलेल्या कपड्यांवरही मिळत नाही. ही गोष्ट आधीच स्पष्ट सांगितली, तर पुढे मन कडू होत नाही.

वाटप

वाटपाला मंच, हार आणि पाहुणे नसावेत. शाळा उघडण्याच्या आधीच्या आठवड्यात पालकांना बोलवावे, वर्गखोलीत मुला-मुलींसाठी पडदा लावून स्वतंत्र आडोसा करावा, प्रत्येक मुलाने कपडा घालून पाहावा आणि शिंप्याने मशीन घेऊन तेथेच बसावे. कोठे आखूड, कोठे सैल, ते त्याच दिवशी नीट करता येते. उरलेल्यांसाठी पंधरा दिवसांची बदलून घेण्याची मुदत ठेवावी. वहीत पालकाची सही घ्यावी. हिशेबासाठी तेवढे पुरते. मुलांचे चेहरे दिसणारी छायाचित्रे काढू नयेत, आणि देणगीदाराने आग्रह धरला तर त्याला शिवणाऱ्या महिलांचे, त्यांच्या संमतीने काढलेले, किंवा घडी घातलेल्या कपड्यांचे छायाचित्र पाठवावे. खिशावर मंडळाचे नाव छापणे मला मुळीच मान्य नाही. ते नाव वर्षभर मुलाच्या छातीवर राहते आणि वर्गातल्या प्रत्येकाला त्याच्या घरची परिस्थिती सांगत राहते.

कपडा मिळेपर्यंत मूल साध्या कपड्यांत आले, तर त्याला वर्गाबाहेर उभे करण्याचा अधिकार कोणालाही नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली आहे. समितीच्या सभेत हे एकदा वाचून दाखवावे.

जुन्या गणवेशांची पेढी

निधी कमी असेल, तर आखूड झालेल्या परंतु चांगल्या गणवेशांची शाळेतच देवघेव सुरू करावी. एप्रिलमध्ये परीक्षा संपल्यावर सर्व मुलांनी, म्हणजे सधन घरांतील मुलांनीही, लहान झालेले कपडे धुऊन जमा करावेत आणि त्या बदल्यात मोठे माप घेऊन जावे. देणारे आणि घेणारे सगळेच असल्यामुळे येथे कोणी वेगळा ओळखू येत नाही. उसवलेली शिवण, तुटलेली बटणे आणि बिघडलेली चेन दुरुस्त करून, माप लिहिलेल्या चिठ्ठ्या लावून कपडे लोखंडी कपाटात डांबराच्या गोळ्यांसह ठेवावेत. गुडघ्यावर विरलेली किंवा डाग न निघणारी पॅन्ट पेढीत घेऊ नये. तिच्या आसनपट्ट्या किंवा फळा पुसण्याची फडकी करावीत. शहरांतून येणारे जुने कपडे या पेढीत मिसळू नयेत, कारण रंग जुळत नाही आणि वर्गीकरणातच माणसे थकतात. ते कपडे ‘गूंज’सारख्या, १९९९ पासून याच कामात असलेल्या आणि वर्गीकरणाची यंत्रणा असलेल्या संस्थेकडे पाठवणे बरे.

जुलैच्या समिती सभेत खर्चाचा हिशेब, उरलेले संच आणि बदलून दिलेल्या कपड्यांची मापे मांडावीत. कोणत्या इयत्तेत किती कपडे बदलावे लागले, यावरून पुढील वर्षी मापात कोठे चूक होते ते कळते. त्याच सभेत सध्या आठवीत असलेल्या मुला-मुलींची नावे आणि ती पुढे कोणत्या विद्यालयात जाणार, हे लिहून घ्यावे, म्हणजे त्या विद्यालयाच्या गणवेशाचे कापड मार्चपर्यंत आणून ठेवता येते.